रंगाच्या गाडीचं बेअरिंग

"मिस्त्री, पाना घे आणि इंजिन उघड," धनाजी म्हणाला. "वाळू निघाली की सांग. तवर मी ह्याला जिता ठेवतो."

'ह्याला' म्हणजे जालिंदरला. कुव्याच्या बाहेरच्या खांबाला त्याला कासऱ्यानं बांधलं होतं. डावा डोळा सुजून मिटला होता, खालचा ओठ फाटून हनुवटीवर रक्त वाळलं होतं. धनाजीनं हाताला फडकं गुंडाळून मोटरसायकलची जुनी चेन धरली होती. बोलता बोलताच त्यानं ती पुन्हा फिरवली. ती जालिंदरच्या खांद्यावर बसली तेव्हा ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. जालिंदर ओरडला नाही. त्याचे गुडघे वाकले आणि कासऱ्यानंच त्याला वर धरून ठेवलं.

"बांधल्याला काय मारतोस?" त्याची बायको इंदू पलीकडून ओरडली. दोन हमालांनी तिचे दंड धरले होते. "सोड की त्याला. सोड आणि मग ये म्होरं. बघू किती दम हाय ते."

"तू गप. न्हायतर तुलाबी बांधीन."

"बांध. दुसरं येतंय काय तुला?"

आमची कंपनी माणदेशातल्या जत्रांमधून मौत का कुवा लावायची. फळ्यांचा उंच गोल हौद, वरच्या कठड्याला टेकून उभी असलेली माणसं, आणि आत उभ्या भिंतीवर गरगर पळणाऱ्या मोटरसायकली. जालिंदर आणि रंगा असे दोघं गाड्या चालवायचे. मी कंपनीचा मिस्त्री. रंगा मालकांचा, मारुतराव खुड्यांचा, एकुलता एक मुलगा.

आदल्या दिवशी दुपारच्या खेळात रंगाची गाडी भिंतीवर असताना तिचं मागचं चाक एकाएकी जखडलं. गाडी कठड्याच्या खालची फळी फोडून उलटली. रंगा खाली आपटला आणि गाडी त्याच्या छातीवर आली. दवाखाना गाठेपर्यंतही तो टिकला नाही. पोलीस येऊन गेले, पंचनामा झाला, अपघात म्हणून नोंद झाली. पण कंपनीत कुणालाच तो अपघात वाटत नव्हता. त्याला कारण होतं.

अपघाताच्या आदल्या सकाळी चहाच्या पालात जालिंदरनं रंगाची गचांडी धरली होती. सगळ्यांच्या देखत.

"ती गाडी वर नेऊ नगंस," तो म्हणाला होता. "इंजिन बसंल. भितीवर बसंल. मरशील."

"तुला माझा खेळ खुपतोय," रंगा म्हणाला. "लोक माझ्या नावानं शिट्ट्या मारत्यात म्हणून."

"लेका, तुला भितीवर मी चढवलाय. मला काय खुपायचंय?"

रंगानं पायातली चप्पल काढून जालिंदरच्या तोंडात मारली. जालिंदरनं त्याला टेबलावर आडवा पाडला. चहाचे ग्लास फुटले. आम्ही दोघांना ओढून बाजूला केलं तेव्हा जालिंदर धापा टाकत म्हणाला, "जा, मर मग."

ते शेवटचे शब्द सगळ्यांच्या ध्यानात राहिले. रंगाच्या चितेला अग्नी मिळण्याआधीच धनाजीनं सगळं जुळवून टाकलं होतं: जालिंदरनं इंजिनात वाळू टाकली. धनाजी मालकांच्या बहिणीचा मुलगा. रंगाबरोबर एका ताटात जेवलेला.

मी हत्यारांची पेटी उघडली. आमच्या कंपनीच्या प्रत्येक पान्यावर, पकडीवर, हातोडीवर चंद्रकोरीसारखी एकेक खूण होती. जत्रेत हत्यारं पळवली जातात म्हणून मालकांनी स्वतः पंचानं, म्हणजे धातूवर ठिपका उमटवायच्या टोकदार सळईनं, ठोकलेली. त्यांच्या पंचाचं टोक एका बाजूनं उडालेलं होतं, त्यामुळे ठिपका गोल उमटायचा नाही, कापलेल्या नखासारखा उमटायचा.

मी बसलो तेवढ्यात मालक आले. स्मशानातून सरळ आले होते. धोतर ओलं, अंगावर उपरणं नाही, डोकं भादरलेलं. त्यांच्या राहुटीच्या दाराला कुणीतरी लिंबाचा टहाळा बांधून ठेवला होता, पण ते तिकडं गेले नाहीत. पान चावलं नाही, की पाण्याला हात लावला नाही. पेटीशेजारी ऐरण होती, तिच्यावर बसले.

"सोपान," ते म्हणाले, "खरं काय ते काढ. इंजिनात वाळू असली तर ह्याचे दोन्ही हात ह्या ऐरणीवर ठिवायचे. पुन्हा गाडी धरता नाय आली पायजे. नसली, तर सोडायचा. माझा शब्द हाय."

"आणि हात मोडल्यावर आम्ही खायचं काय, मालक?" इंदू म्हणाली. "तुमच्या पोराला चालवायला कुणी शिकवलं, तेवढं तरी आठवा."

मालकांनी मला हातानंच 'उघड' अशी खूण केली.

मी गाडी स्टँडवर घेतली. किक दाबून पाहिली, ती दगडासारखी. गिअर काढून मागचं चाक फिरवलं, ते मोकळं फिरलं. म्हणजे गिअरपेटी ठीक होती. अडकलं होतं ते इंजिनात.

"बोल की," धनाजी म्हणाला.

"बोलण्यासारखं अजून काय न्हाय."

त्यानं चेन फिरवली. ती जालिंदरच्या मांडीवर बसली. या वेळी जालिंदरच्या तोंडून आवाज निघाला.

मी हात चालवले. इंजिनाचं डोकं उतरवलं. मग सिलिंडर उचलला. वाळू गेली असती तर पहिला मार इथं बसला असता; पिस्टनवर आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर उभे ओरखडे उठले असते, मांजरानं बोचकारल्यासारखे. मी सिलिंडर उजेडाकडं धरला. आतली भिंत आरशासारखी होती. त्यात मला माझं वाकडं तोंड दिसलं.

"वाळू न्हाय," मी म्हणालो.

पाठीवर काय बसलं ते मला क्षणभर कळलंच नाही. मी गाडीवर पालथा पडलो आणि मग पाठीतून आग उठली. धनाजीनं चेन माझ्यावर फिरवली होती.

"तूबी त्याचाच," तो म्हणाला. "त्याच्याबरबर तंबाखू मळतोस. खोटं बोलशील तर तुझीबी बोटं जात्याल."

"त्याला काम करू दे," मालक म्हणाले. आवाज अगदी हळू होता.

"मामा, ह्यो..."

"करू दे."

सदरा पाठीला चिकटला होता. मी डाव्या बाजूचं झाकण काढलं. त्यामागं मॅग्नेट असतं, बशीएवढं चुंबकाचं चाक, इंजिनाच्या आसावर बसवलेलं. ते दोन्ही हातांनी धरून मी वर-खाली हलवलं. ते हललं. डोळ्यांना दिसेल इतकं हललं, आणि आतून धातू धातूवर आपटल्याचा बोथट आवाज आला.

माझ्याकडं आता सुट्टीत गल्लीतली मुलं येतात. इंजिन म्हणजे काय, हे त्यांना सांगताना मी स्वयंपाकघरातून लाटणं आणायला लावतो. एकानं दोन्ही मुठींत लाटण्याची टोकं फिरतील एवढी धरायची आणि दुसऱ्यानं ते मधून फिरवायचं. लाटणं म्हणजे क्रँक, पिस्टनची वर-खाली उडी गोल फिरवणारा आस. धरणाऱ्याच्या मुठी म्हणजे दोन बाजूंची मेन बेअरिंगं. मुठी पक्क्या तर लाटणं गुमान फिरतं. एक मूठ ढिली पडली की ते थडथडायला लागतं, आणि जेवढं थडथडतं तेवढी मूठ आणखी ढिली होते. मुलांना हे लगेच कळतं. रस्त्यावरच्या गाडीत ही थरथर आधी पायदानात लागते, मग खोल घरघर ऐकू येते. पण कुव्यातल्या गाडीचा सायलेन्सर काढलेला असतो. गर्दी जमावी म्हणून. त्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात घरघर कुठली ऐकू येणार? शिवाय मागल्या जत्रेपासून रंगा आपल्या गाडीला वडिलांखेरीज कुणाचा हात लागू देत नसे. मलाही नाही.

मॅग्नेट ओढून काढून मी बाजूला ठेवलं. मग इंजिन खाली उतरवून आडवं केलं, कडेचे स्क्रू काढले आणि केसिंगचे, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या कवचाचे, दोन अर्धे भाग एकमेकांपासून सोडवायला लाकडी हातोडीनं हलकेच टकटक केलं.

खालच्या भागात राखाडी चिखल साचला होता. तेलात कालवलेली कसली तरी बारीक रवाळ भुकटी. धनाजीनं वाकून बोट घातलं, बोटांत चोळलं, आणि त्याचा चेहराच बदलला.

"वाळू!" तो ओरडला. "मामा, ही बघा वाळू! आणि हा म्हणत व्हता न्हाय!"

पुढचं इतक्या झटक्यात झालं की मला उठताही आलं नाही. हमालांनी इंदूला ढकलून दिलं आणि जालिंदरवर तुटून पडले. कासरा कापला. त्याला फरफटत ऐरणीपाशी आणला. मालक उठून बाजूला झाले होते. एक हमाल जालिंदरच्या पाठीवर बसला, दुसऱ्यानं त्याचे हात ऐरणीवर ताणून धरले. धनाजीनं चेन हाताला गुंडाळली आणि खुंट्या ठोकायचा घण उचलला.

"मिस्त्री!" जालिंदर ओरडला. तोंड मातीत होतं. "मिस्त्री, बघा की नीट! माझ्या पायाला फळीतनं कळत व्हतं! त्याची गाडी बाजूनं गेली की फळी थरथरायची!"

मी मॅग्नेट उचललं आणि चिखलात दाबलं. वर काढलं तेव्हा त्याला दाढी फुटली होती. राखाडी, टोकेरी, चमकणारी.

"थांबा!" मी ते मालकांपुढं धरलं. "मालक, वाळू चुंबकाला चिकटत न्हाय. लोखंड हाय हे. बेअरिंगचा चुरा."

"घे, आता नवं काढलं ह्यानं!" धनाजीनं घण डोक्यावर नेला.

"घण खाली," मालक म्हणाले.

"मामा!"

"खाली म्हणलं न्हवं?"

घण खाली आला, पण धनाजीनं तो हातातून सोडला नाही. जालिंदरचे हात ऐरणीवरच होते. नखं पांढरी पडली होती.

मी केसिंगचा डावा भाग धरला आणि क्रँकवरून ओढला. नीट बसलेलं बेअरिंग असं सोडत नसतं. केसिंग तापवावी लागते, तेव्हा कुठं ते आपली जागा सोडतं. ही केसिंग मात्र टोपी काढावी तशी सरकून माझ्या हातात आली. बेअरिंग क्रँकवर तसंच राहिलं: निळं पडलेलं, पिंजरा मोडलेला, गोळ्या एकमेकींवर चढून अडकलेल्या. ते आपल्या बैठकीत, केसिंगमधल्या त्याच्या गोल खाचेत, घट्ट बसलेलंच नव्हतं. बैठकीतच गरगर फिरत होतं, तापत होतं, आणि भिंतीवर जिथं सगळ्याचं वजन दुप्पट-तिप्पट होतं तिथं ते एकदम जाम झालं.

मी फडक्यानं केसिंगमधली बैठक पुसली.

बैठकीच्या कडेनं, आतून, खुणा होत्या. ढिली बैठक घट्ट करायचा जत्रेतल्या मिस्त्र्यांचा एक जुना उपाय आहे. पंचानं सगळीकडं ठिपके ठोकायचे, म्हणजे तेवढ्यापुरता धातू उकलून वर येतो आणि बेअरिंग त्या टोकांवर अडकून बसतं. चार दिवस बसतं. मग टोकं दबतात आणि ते पहिल्याहून जास्त ढिलं होतं. बरीच टोकं झिजून गेली होती, पण काही ठिपके शाबूत होते.

गोल नव्हते. कापलेल्या नखासारखे होते.

"काय हाय?" मालकांनी विचारलं.

मी सांगितलं नसतं तर धनाजीनं घण मारला असता. सांगितलं असतं, तर एका बापाला, त्याच्या पोराची चिता अजून विझलेली नसताना, काय सांगितलं असतं? मी उठलो आणि केसिंग त्यांच्या हातांत दिली.

त्यांनी ती उजेडाकडं धरली. अंगठा बैठकीवरून फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. मग गुडघे टेकून ते पेटीपाशी बसले, तळातून आपला पंच काढला आणि त्याचं उडालेलं टोक एका खुणेत ठेवलं. ते तिथं बसलं.

धनाजी वाकून बघू लागला.

"मामा? वाळू हाय ना?"

"न्हाय."

"मग?"

मालक पंचाशीच बोलल्यासारखे बोलत होते. "मागल्या जत्रेत रंगा गाडी थरथरतीया म्हणाला. सोपान आईच्या वर्षश्राद्धाला गावाकडं गेलेला. मी उघडली. नवं बेअरिंग बसंना, ढिलं पडाय लागलं. म्हणलं, सोपान येऊ दे. तर म्हणतोय, आबा, सांजंला खेळ हाय, लोकं आल्याती. म्हणलं, धर मग केसिंग. त्यानं धरली." त्यांनी तळहात उघडून पाहिला. "मी ठोकलं."

"मामा, हा मिस्त्री त्येला मिळालाय," धनाजी म्हणाला, पण त्याचा आवाज चिरकला होता. "तुमी काय बी मनाला लावून..."

"सोडा त्याला."

हमाल उठले. जालिंदर हात छातीशी घेऊन कुशीवर वळला आणि तसाच पडून राहिला. इंदू त्याच्याजवळ बसली आणि त्याची बोटं एकेक करून दाबून बघू लागली.

मालकांनी धनाजीच्या हातातला घण घेतला. धनाजीनं तो दिला. त्याला वाटलं, बाजूला ठेवणार. मलाही तसंच वाटलं.

"इंजिन उघडायच्या आधी आपून काय ठरवलं व्हतं?" मालक म्हणाले. "ज्येचं काम, त्येचे हात."

त्यांनी उजवा हात ऐरणीवर पसरला आणि डाव्या हातानं घण घातला.

मी झेप घेतली, पण दांडा धरायच्या आत तो खाली आला होता. त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही. मालक ओरडले नाहीत. त्यांनी दुसऱ्यांदा घण उचलला, तेव्हा जालिंदर, तोच जालिंदर, गुडघ्यांवर रांगत येऊन त्यांच्या हाताला लोंबकळला. जालिंदर, इंदू आणि मी, आम्ही तिघांनी मिळून घण काढून घेतला. धनाजी मात्र जागेवरच उभा होता. चेन अजून त्याच्या हाताला गुंडाळलेली होती. ती कशी सोडायची हे विसरल्यासारखा तो तिच्याकडं बघत होता.

"मी सांगितलं व्हतं त्याला, मालक," जालिंदर म्हणाला. "नीट सांगाय आलं न्हाय मला. गचांडी धरून सांगितलं."

तेव्हा मालक पहिल्यांदा रडले.

इंदूनं जालिंदरला उठवलं. जाताना तिनं धनाजीच्या हातावरचं फडकं सोडवलं आणि चेन त्याच्या पायाशी टाकली.

पुढच्या जत्रेत आमचा कुवा लागला, पण आत गाडी फिरली नाही. मालकांच्या हाताला प्लास्टर होतं. त्यातून तीन बोटं बाहेर आलेली, आणि ती पुन्हा कधी सरळ झाली नाहीत. एके दिवशी ते रंगाचं इंजिन पोत्यातून घेऊन माझ्याकडं आले.

"नीट कर."

"चालवायची हाय?"

"न्हाय."

"विकायची?"

"न्हाय रे. नीट कर नुसती."

सांगलीला नेऊन लेथवर मी ती झिजलेली बैठक कापून घेतली, त्यात नवी रिंग दाबून बसवून घेतली आणि मोजून बैठक पुन्हा तयार केली. ठिपक्यांची एकही खूण राहिली नाही. मग दुपारी माझ्या पालात स्टोव्ह पेटवला. नवं बेअरिंग गारठून आकसावं म्हणून पिशवीत बांधून बर्फाच्या गोळेवाल्याच्या पेटीत ठेवायला दिलं होतं. तो हसला होता, म्हणाला, "मिस्त्री, ह्याला सरबत कुठलं घालू?"

मालक माझ्यासमोर पोत्यावर बसले. तापून बैठक फुगावी म्हणून मी केसिंग स्टोव्हवर ठेवली आणि थांबलो. हे थांबणंच कठीण असतं. मुलांनाही मी हेच सांगतो: आता काही करायचं नाही, बघत बसायचं. अधूनमधून पाण्याचा थेंब टाकून बघायचो. आधी थेंब पसरला, मग उकळला, मग टणाटणा नाचत कडेनं उडून गेला. मी केसिंग उतरवून सपाट ठेवली, गोळेवाल्याकडून बेअरिंग मागवलं, कोरडं पुसलं, बैठकीच्या वर सरळ धरलं आणि सोडलं.

टप्.

बसलं. मी केसिंग उलटी करून हलवली. ते हललं नाही. आता ते बाहेर काढायचं, तर पुन्हा तापवल्याशिवाय निघणार नव्हतं.

मालक पुढं वाकले होते. त्यांचा चांगला हात आपोआप हातोडीकडं गेला होता, आणि तिथंच थांबला होता.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, मालक."

"एवढाच आवाज?"

"एवढाच."

त्यांनी डाव्या हाताचा अंगठा केसिंगवर टेकवला. ती अजून तापलेली होती. मी "भाजंल" म्हणालो, पण त्यांनी अंगठा काढला नाही.